तार कुठपर्यंत आणायची?

पेनसिल्व्हेनियातल्या लँकेस्टर काउंटीत एखाद्या गावरस्त्याच्या कडेला रविवारी सकाळी थोडा वेळ उभं राहिलं, की चार प्रकारच्या गाड्या दिसतात. राखाडी टपाची घोडागाडी गेली, तर आत अमिश कुटुंब असतं. काळ्या टपाची घोडागाडी असेल, तर ते ओल्ड ऑर्डर मेनोनाइट. मग एखादी काळी मोटार जाते. ती मेनोनाइटांच्याच दुसऱ्या एका गटाची. या गटानं मोटार स्वीकारली, पण झगमगाट नको म्हणून तिचे क्रोमचे चकचकीत बंपरही काळे रंगवले. शेजारपाजारचे लोक त्यांना ‘काळे बंपरवाले’ म्हणू लागले. आणि चौथी मोटार लाल, निळी, कुठलीही. तिच्यातले लोकही मेनोनाइट असू शकतात. जीन्स घातलेले, गूगल मॅप्स लावून चाललेले.

मी पुण्यात सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. क्लायंटच्या कामासाठी सात महिने हॅरिसबर्गला होते. लँकेस्टर तिथून तासाभरापेक्षा कमी अंतरावर. सुट्टीच्या दिवशी भाजी, चीज आणि घरगुती लोणच्यांसाठी तिकडे जाणं व्हायचं. आमच्या टीममध्ये या लोकांविषयी एकच वाक्य ऐकू यायचं, ‘ते टेक्नॉलॉजी वापरत नाहीत.’ पण रस्त्यावरच्या त्या चार गाड्या काही वेगळंच सांगत होत्या. टेक्नॉलॉजी न वापरणाऱ्यांमध्ये चार प्रकार कसे असतील? चार प्रकार आहेत म्हणजे कुणीतरी, कधीतरी बसून चार वेगवेगळे निर्णय घेतलेत. मला त्या बसण्याविषयी कुतूहल वाटलं, आणि मी वाचायला लागले.

या सगळ्यांचं मूळ एकच. १५२५ साली स्वित्झर्लंडमधल्या झ्युरिक शहरात काही तरुणांनी एकमेकांना नव्यानं बाप्तिस्मा दिला. तान्ह्या बाळाला बाप्तिस्मा देण्यात अर्थ नाही, माणसानं मोठं झाल्यावर समजून-उमजून धर्म स्वीकारावा, असं त्यांचं म्हणणं. त्या काळात हा थेट सत्तेला धक्का होता. त्यांना बुडवून मारलं, जाळलं, हाकलून दिलं. त्यांनी मात्र शस्त्र हातात घ्यायला नकार दिला. १५३६ मध्ये मेनो सायमन्स नावाच्या एका डच कॅथलिक धर्मगुरूनं आपलं पद सोडलं आणि तो या लोकांना येऊन मिळाला. त्याच्या नावावरून मेनोनाइट. पुढे १६९३ मध्ये याकोब अम्मान या धर्मोपदेशकाला वाटलं, की मंडळी ढिली पडली आहेत. नियम मोडून बाहेर पडलेल्याशी जेवणाखाण्याचेही संबंध तोडावेत, असा त्याचा आग्रह होता. यावरून फूट पडली. अम्मानच्या मागे गेले ते अमिश.

गंमत बघा. ज्या फुटीमुळे आज घोडागाडी आणि मोटार असा फरक दिसतो, ती झाली तेव्हा मोटार नव्हती, फोन नव्हता, विजेचा दिवा नव्हता. भांडण यंत्रांवरून नव्हतंच. ‘आपल्या माणसाला किती धरून ठेवायचं आणि तो सुटला तर त्याच्याशी कसं वागायचं’ यावरून होतं. अमेरिकेत आल्यावर दोनशे वर्षांनी यंत्रं आली, तेव्हा दोन्हीकडच्या लोकांनी त्यांच्याकडे याच जुन्या प्रश्नातून पाहिलं.

फोनचं घ्या. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लँकेस्टरच्या काही अमिश घरांमध्ये फोन आलेही होते. १९१०च्या सुमारास त्यावर वाद झाला आणि ठरलं, की घरात फोन नको. जेवताना घंटा वाजते, माणूस ताटावरून उठतो. दोन मैल चालत जाऊन जी विचारपूस व्हायची, ती तारेवर उरकते. एकाच लाइनवर अनेक घरं असल्यामुळे चोरून ऐकणं आणि चुगल्याही सुरू होतात. पण गाय अडली तर डॉक्टरला बोलवायचं कसं? मग तोडगा निघाला. शेताच्या टोकाला लाकडी खोपटं, त्यात फोन, तो दोनचार कुटुंबांनी मिळून वापरायचा. कामाचं बोलायला तिथवर चालत जा. फोन तुमच्याकडे येणार नाही, तुम्ही फोनकडे जायचं. ही खोपटी तिथे आजही दिसतात.

विजेचंही तसंच. १९२०च्या आसपास लँकेस्टरच्या अमिशांनी सार्वजनिक विजेची तार घरात घ्यायची नाही असं ठरवलं. पण बॅटरी चालते. बॅटरी संपते, तिला मर्यादा असते. तार एकदा घरात आली, की तिच्यामागून काय काय येईल यावर आपला ताबा राहत नाही, हे त्यांनी रेडिओ आणि टीव्ही यायच्या आधीच ओळखलं. मग सुतारकामाचं काय? गोठ्यामागे डिझेल इंजिन बसवायचं, त्यावर कॉम्प्रेसर चालवायचा, टाकीत हवा भरायची आणि ती पाइपातून नेऊन करवत, रंधा, अगदी स्वयंपाकघरातला मिक्सरसुद्धा फिरवायचा. तिथले लोक गमतीनं हिला ‘अमिश वीज’ म्हणतात. फ्रिज गॅसवर चालतो. अलीकडे अनेक ठिकाणी छपरावर सोलर पॅनेलही दिसतात. आमच्या क्षेत्रात याला ‘वर्कअराउंड’ म्हणतात, आणि मी पाहिलेल्या वर्कअराउंडांमध्ये हे सर्वांत विचारपूर्वक केलेलं आहे.

दुधाचा किस्साही असाच. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात डेअऱ्यांनी सांगितलं, की दूध मोठ्या टाकीत थंड ठेवलं नाही तर घेणार नाही. म्हणजे टाकी तरी आणा, नाहीतर धंदा तरी बंद करा. लँकेस्टरच्या बिशपांनी डेअरीवाल्यांशी चर्चा केली. टाकी चालेल, पण थंड करायचं ते डिझेल इंजिनावर. दूध ढवळणारी मोटर बॅटरीवर. आणि रविवारी तुमचा टँकर आमच्या दारात येणार नाही. डेअरीला ते मान्य करावं लागलं. कंपनी अटी सांगते आणि आपण ‘आय ॲग्री’वर टिचकी मारतो, या व्यवस्थेत वाढलेल्या मला हा प्रकार दोनदा वाचावा लागला. इथे अटी वापरणाऱ्यानं घातल्या होत्या.

आता मेनोनाइटांकडे येऊ, कारण खरी मजा तिथे आहे. लँकेस्टरमधल्या ओल्ड ऑर्डर मेनोनाइटांमध्ये १९२७ साली मोटारीवरून फूट पडली. एका गटानं मोटार घेतली, तेच काळे बंपरवाले. दुसरा गट घोडागाडीवर राहिला. पण या घोडागाडीवाल्यांच्या घरात तारेची वीज आहे, फोन आहे आणि शेतात ट्रॅक्टरही आहे. फक्त ट्रॅक्टरची चाकं लोखंडी. रबरी टायर असले, की ट्रॅक्टर डांबरी रस्त्यावर सुसाट पळतो. आज खत आणायला, उद्या बाजाराला, परवा नुसतंच फिरायला. हळूहळू ट्रॅक्टरची मोटार होते. लोखंडी चाकावर बसून हाडं खिळखिळी करत कुणी फिरायला जात नाही. शेजारचा अमिश शेतकरी मात्र ट्रॅक्टर शेतात नेतच नाही. तो ट्रॅक्टर गोठ्यापाशी उभा करून त्याच्यावर दुसरी यंत्रं चालवतो, आणि शेतात खेचरं जुंपतो. या मेनोनाइटांना सायकल चालते. लँकेस्टरच्या अमिशांना चालत नाही, ते पायानं ढकलायची स्कूटर वापरतात. ओहायोतल्या काही अमिशांनी तर आता बॅटरीची सायकलही स्वीकारली आहे.

मग उरलेले मेनोनाइट? ते तर जगभर पसरलेत. बाप्तिस्मा घेतलेले मेनोनाइट आणि त्यांचे जवळचे पंथ मिळून सुमारे २१ लाख लोक आहेत. त्यांतले बहुसंख्य आफ्रिका, आशिया आणि लॅटिन अमेरिकेत राहतात. इथिओपियात आहेत, काँगोत आहेत आणि भारतातही आहेत. १८९९ साली, दुष्काळाच्या त्या दिवसांत, अमेरिकन मेनोनाइट मिशनरी धमतरीला आले. आज ते छत्तीसगडमध्ये आहे. तेव्हा मध्य प्रांतात होतं, ज्याची राजधानी आपलं नागपूर. धमतरीचं त्यांनी सुरू केलेलं ख्रिश्चन हॉस्पिटल आजही चालू आहे. तिथे एक्स-रे मशीन चालेल का, असा प्रश्न कुणालाच पडत नाही. या मेनोनाइटांनी ‘जगापासून वेगळं राहायचं’ याचा अर्थ यंत्रांवरून काढलाच नाही. युद्धात लढायचं नाही, दुष्काळात आणि पुरात धावून जायचं, साधेपणानं राहायचं, हा त्यांचा वेगळेपणा. त्यांची मेनोनाइट सेंट्रल कमिटी ही मदतसंस्था १९२० पासून हे काम करते आहे.

म्हणजे एकाच मुळातून निघालेल्या लोकांनी वेगवेगळ्या ठिकाणी रेघा मारल्या. रेघ कुठे आहे हे पाहिलं, तर सगळं विसंगत वाटतं. बॅटरी चालते आणि तार नाही, मोटारीत बसायला चालतं पण विकत घ्यायला नाही, हे काय लॉजिक? पण रेघ मारताना विचारलेला प्रश्न पाहिला, तर विसंगती उरत नाही. ‘हे यंत्र चांगलं की वाईट’ असं ते विचारत नाहीत. ‘हे आलं तर आपण एकमेकांकडे जायचे थांबू का’ असं विचारतात. मोटार पाप नाही. पण प्रत्येकाच्या दारात मोटार असली, तर शेजारी वीस मैलांवर जाऊन राहील. घोडा एका दिवसात जिथवर जाऊन परत येईल, तेवढंच गाव.

आणि प्रश्न विचारायची ठरलेली वेळ आहे. अमिशांचे नियम म्हणजे ‘ऑर्डनुंग’. ते बहुतांशी लिहिलेले नसतात. पंचवीस-तीसेक कुटुंबांची एक मंडळी असते. वर्षातून दोनदा, मोठ्या धार्मिक विधीच्या आधी, ही मंडळी एकत्र बसून नियमांची उजळणी करते. सगळ्यांची संमती असेल तरच पुढचा विधी होतो. उपदेशक निवडायची पद्धतही नामी आहे. बायका आणि पुरुष दोघंही नावं सुचवतात. मग पुरेशी मतं मिळालेल्या माणसांइतकी भजनांची पुस्तकं मांडतात. त्यांतल्या एकात चिठ्ठी असते. ज्याच्या पुस्तकात चिठ्ठी निघाली, तो जन्मभराचा उपदेशक. पगार नाही. प्रचार नाही. चिठ्ठी मात्र फक्त पुरुषांच्याच पुस्तकात निघू शकते.

भारतात परतल्यावर मी ज्या टीममध्ये गेले, ती शाळकरी मुलांसाठीचं अभ्यासाचं ॲप बनवते. माझ्याकडे आलेलं पहिलं मोठं काम होतं ‘स्ट्रीक’. मूल सलग किती दिवस ॲपवर आलं ते मोजायचं, आणि एक दिवस चुकला की साखळी तुटणार म्हणून रात्री आठला नोटिफिकेशन पाठवायचं. अशा कामाचं एक डॉक्युमेंट असतं. त्यात उद्दिष्ट, खर्च, सर्व्हरवरचा भार, कुठला आकडा किती टक्क्यांनी वाढणार, अशा ओळी असतात. मी त्यात एक ओळ वाढवली. ‘रात्री आठ वाजता त्या घरात काय चाललेलं असतं?’

मीटिंगमध्ये कुणी हसलं नाही, रागावलंही नाही. मॅनेजर म्हणाला, “व्हॅलिड पॉइंट आहे, पण हे मोजणार कसं?” त्याचं बरोबर होतं. आमच्याकडे मूल ॲपमध्ये किती मिनिटं होतं ते मोजता येतं. ते मूल आईशी बोलायचं अर्धवट सोडून आलं होतं का, हे मोजता येत नाही. जे मोजता येत नाही त्याला आमच्या डॉक्युमेंटमध्ये जागा नाही. अमिशांच्या सभेत तेच आधी विचारतात. आम्ही आधी सोडतो, मग दहा टक्के लोकांवर चाचणी घेतो, आकडा वाढला की शंभर टक्क्यांना देतो. चाचणी ज्यांच्यावर होते, त्यांना कुणी बसवून विचारत नाही. शेवटी नोटिफिकेशन आठऐवजी संध्याकाळी सहाला जाईल आणि आईवडिलांना ते एका बटणानं बंद करता येईल, एवढं झालं. लढाई जिंकले असं नाही. पण दोन तास सरकले.

इथे थांबले, तर हा लेख गोड होईल. बघा, ते किती शहाणे आणि आपण किती वाहवत चाललोय! पण मला तिथे थांबता येत नाही, कारण अमिश शाळा आठवीपर्यंतच असते.

१९७२ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं ‘विस्कॉन्सिन विरुद्ध योडर’ खटल्यात निकाल दिला, की अमिश पालकांवर आठवीनंतर मुलांना शाळेत पाठवायची सक्ती करता येणार नाही. धर्मस्वातंत्र्याचा हा मोठा निकाल मानतात. त्यात न्यायमूर्ती डग्लस यांनी मात्र काही अंशी वेगळं मत नोंदवलं. त्यांचा मुद्दा साधा होता. पालकांचं ऐकलंत, सरकारचं ऐकलंत, पण ज्या मुलांच्या आयुष्याचा प्रश्न आहे त्यांना विचारलंत का?

माझी आजी चौथीपर्यंत शिकली. ती हुशार होती, कोयनेच्या धरणाचं पाणी कुठल्या गावाला कधी सुटतं ते तारखांसकट तिच्या तोंडपाठ असायचं. तिला शाळेतून काढायचा निर्णयही घरातल्या मोठ्या माणसांनी बसूनच घेतला होता. एकत्र बसून, सगळ्यांच्या भल्यासाठी. ‘एकत्र बसून ठरवलं’ हे ऐकायला छान वाटतं. पण त्या बैठकीत कोण बसलं होतं आणि कोण चुलीपाशी होतं, हे विचारल्याशिवाय मला ते छान वाटत नाही.

याचं सर्वांत भयंकर टोक बोलिव्हियात दिसलं. तिथल्या मॅनिटोबा नावाच्या वसाहतीत अतिशय कर्मठ मेनोनाइट राहतात. लँकेस्टरच्या लोकांचे ते फार लांबचे नातलग. २००५ ते २००९ या काळात तिथल्या शंभराहून अधिक बायका आणि मुलींवर रात्री गुंगीचं औषध फवारून बलात्कार झाले. सकाळी त्यांनी सांगितलं, तेव्हा ते मनाचे खेळ किंवा सैतानाचं काम समजलं गेलं. त्यांच्याकडे फोन नव्हते, आणि बहुतेकींना देशाची भाषा, स्पॅनिश, येत नव्हती. अखेर त्याच वसाहतीतले पुरुष पकडले गेले आणि २०११ मध्ये त्यांना शिक्षा झाली. ‘विमेन टॉकिंग’ हा सिनेमा यावरच्या कादंबरीवरून निघाला. यावरून सगळ्या मेनोनाइटांना किंवा अमिशांना झोडपणं हा मूर्खपणा होईल. पण भिंत बाहेरच्या जगाला आत येऊ देत नाही, तशी आतला आवाजही बाहेर जाऊ देत नाही. फोन हा व्यत्यय असतो, तसाच तो कधीकधी एकमेव दरवाजाही असतो.

मग मी नेमकं काय घ्यायचं? माझ्यापुरतं उत्तर मला माझ्याच जिल्ह्यात सापडलं. माझं माहेर सांगली जिल्ह्यातलं. कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावानं २०२२ मध्ये एक गोष्ट सुरू केली. संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजतो. तेव्हापासून दीड तास गावातले टीव्ही आणि मोबाइल बंद. मुलांनी अभ्यास करायचा, मोठ्यांनी एकमेकांशी बोलायचं. कोरोनात शाळा मोबाइलवर गेली, शाळा परत भरली तरी मोबाइल हातातून गेला नाही, त्यातून हे सुरू झालं. यातली खरी अक्कल भोंग्यात आहे. एकट्या मुलाचा फोन काढून घेतला तर ती शिक्षा होते. सगळ्या गावाचा एकाच वेळी बंद झाला, तर कुणाचं काही चुकत नाही, कारण पलीकडेही कुणी ऑनलाइन नसतं. आणि साडेआठला फोन परत सुरू होतो. दरवाजा कायमचा बंद होत नाही.

‘स्क्रीन टाइम’ची सेटिंग, फोकस मोड, डिलीट केलेलं इन्स्टाग्राम, हे सगळं आपण एकेकट्यानं करत असतो, आणि दहा दिवसांत सुटतं. यात आपल्या मनाचा दुबळेपणा फारसा नाही. समोर पगारी माणसांच्या टीम आहेत, त्यांतली एक माझी. त्यांच्याशी एकट्या माणसाची झुंज लावून वर त्यालाच ‘डिसिप्लिन नाही’ म्हणणं हे मला पटत नाही. काळे बंपरवाले असोत की लोखंडी चाकवाले, एकानंही हा निर्णय एकट्यानं घेतलेला नाही.

गेल्या महिन्यात आमच्या नव्या फ्लॅटमध्ये वायरिंगचं काम निघालं. इलेक्ट्रिशियन खडू घेऊन भिंतीपाशी उभा होता. “मॅडम, बेडच्या दोन्ही बाजूंना चार्जिंग पॉइंट काढतो, सगळेच काढतात.” मी त्याला संध्याकाळपर्यंत थांबायला सांगितलं. आम्ही तिघं बसलो. नवरा, मी आणि सासूबाई. आम्हा दोघांचं लगेच जमलं. बेडरूममध्ये पॉइंट नको, तिघांचेही फोन रात्री पॅसेजमध्ये.

सासूबाई ऐकत होत्या. मग म्हणाल्या, “तुम्ही दोघं दिवसभर माणसांत असता. मला रात्री झोप लागत नाही, तेव्हा मी कीर्तन ऐकते. तुमच्या नियमात माझं कीर्तन कुठे बसतं?”

नवरा म्हणाला, “आई, तुला रेडिओ आणून देतो ना.”

“रेडिओवर रात्री दोनला कीर्तन लागतं का रे?”

तासभर चाललं. शेवटी ठरलं ते असं. आमच्या खोलीत पॉइंट नाही, आईंच्या खोलीत आहे. जेवणाच्या टेबलापाशी कुणाचाच नाही. आणि हे कायमचं नाही. दिवाळीला आणि पाडव्याला पुन्हा बसायचं, काय जमलं, कुणाला जाच झाला ते बोलायचं. पुढे घरात मूल आलं आणि बोलायला लागलं, की त्यालाही बसवायचं. ही अट आईंनी घातली.

सकाळी इलेक्ट्रिशियननं विचारलं, “मग तार कुठपर्यंत आणू?” मी पॅसेजच्या भिंतीवर खडूनं फुली मारली.